आतून दोनदा टकटक

आमच्या घरात कुणी कुणाला "छान झालंय" असं म्हणत नसे. आई वाढायची, बाबा पहिला घास घ्यायचे आणि ताटाशेजारी बोटाने दोनदा टकटक करायचे. म्हणजे जमलं. एकदाच केलं तर अजून थोडं हवं आहे. मीठ, तिखट, नाहीतर आणखी दोन मिनिटं आच. तीनदा केलं की आई डाव खाली ठेवून म्हणायची, "उद्यापासून तुम्हीच करा मग." ती तीनदाची टकटक मी फार थोड्या वेळा ऐकली, आणि त्यातली बरीचशी माझ्या गणिताच्या पेपरावर होती.

ही खूण बाबांनी कामावरून घरी आणली होती. बाबा रिव्हेट मारायचे. आधी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात, आणि नंतर, ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे त्या दिवसांत, विमानाला. पत्र्याला पत्रा जोडायचा तर भोकातून रिव्हेट घालतात. त्याचं डोकं बाहेर राहतं, शेपटी आत. बाहेरचा माणूस डोक्यावर गन टेकवून ठोके देतो आणि आतला माणूस शेपटीवर पोलादाचा ठोकळा दाबून धरतो. दोघांच्या मध्ये शेपटी चेपून गोल बसली की रिव्हेट पक्का झाला. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही आणि त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर वाजवून सांगतो. एकदा वाजलं, अजून मार. दोनदा वाजलं, झालं, पुढचा घे. तीनदा वाजलं, बिघडला, काढून टाक.

बिघडलेला काढायचा म्हणजे ड्रिलने डोकं उडवायचं, शेपटी पाडायची आणि भोक मोठं होऊ न देता नवा रिव्हेट घालायचा. फार किचकट काम. हात भरून आलेले असतात, सुट्टीची वेळ होत आलेली असते, आणि आतल्या माणसाला तीनदा वाजवायचं जिवावर येतं. त्यामुळे जोडीदार पारखायचा तर त्याच्या तीनच्या टकटकीवर पारखावा, असं बाबा म्हणायचे.

बाबांच्या जोडीदाराला सगळे टिल्लू म्हणत. आम्हा मुलांचे ते टिल्लूकाका. अंगाने इतके बारीक आणि लवचीक की दुसऱ्या कुणाचं डोकंही शिरणार नाही अशा भोकातून ते खांदे तिरके करून आत जायचे. बाबा त्यांच्या उलट. रुंद छाती, जाड मनगटं, आयुष्यात एकही कुस्ती न खेळता कमावलेलं नाव पैलवान. दोघं शेजारी उभे राहिले की कारखान्यातली माणसं म्हणायची, बॉडी आणि चावी आली. टिल्लूकाका बसच्या पोटात शिरायचे, बाबा बाहेर राहायचे, आणि दिवसभर दोघांचा जो काही संवाद व्हायचा तो ह्या एक, दोन, तीनमध्ये. बाबांना आपल्या बायकोपेक्षा ह्या माणसाचं जास्त कळतं, असं आई म्हणायची. तिच्या बोलण्यात तक्रार होती, पण फार नव्हती. टिल्लूकाका आले की ती न विचारता चहात साखर जास्त घालायची.

शहराच्या कडेला एक जुनी धावपट्टी होती. तिच्यावर लोक मोटार शिकायला जात. एका वर्षी तिथल्या गंजक्या शेडला नवे पत्रे लागले, फाटकावर पहारेकरी आला, आणि बातमी पसरली की इथे विमान बनणार. मोठं प्रवासी विमान नाही. लहान, सहा माणसांचं, धंद्याच्या कामाने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या श्रीमंत लोकांसाठी. शेपटीपाशी दोन कानांसारखी दोन इंजिनं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्याचं हातभर लांबीचं नमुन्याचं विमान काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि नोकरीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः दाखवायचे. ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याला आपणच दोन विमानं विकत घ्यावीत असं वाटे, असं टिल्लूकाका सांगायचे.

रिव्हेटवाल्यांची परीक्षा जोडीने झाली. एक फळी दिली, आखलेली भोकं दिली आणि मारायला सांगितलं. तपासायला एक वयस्कर गृहस्थ होते; गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, म्हणून पुढे सगळ्यांनी त्यांचं नाव भिंगवाले ठेवलं. त्यांनी फळी उलटी केली, एकेका शेपटीवरून भिंग फिरवलं आणि विचारलं की तुम्ही मधला हा एक काढून परत का मारला, पहिला चालला असता. टिल्लूकाका म्हणाले, "चालला असता साहेब, पण मला झोप लागली नसती." दोघांनाही त्याच दिवशी घेतलं.

बसचा कारखाना सोडताना तिथले मेस्त्री बाबांवर रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की बस रोज लागते, विमान कुणाला रोज लागतं ते बघ.

पुढची काही वर्षं आमच्या घरात विमानाशिवाय विषय नव्हता. त्याचे रिव्हेट डीपफ्रीझरमध्ये ठेवावे लागत. बाहेर काढले की नरम असेपर्यंतच मारायचे, नाहीतर ते कडक होऊन तडकायचे. "आमचं दूध नासतंय आणि ह्यांचे खिळे थंड हवेत," असं आई शेजारणीला सांगायची. विमानाच्या धडाला आतून हिरवट रंगाचा हात दिलेला असे. टिल्लूकाका संध्याकाळी बाहेर यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर त्याची पूड असायची. बाबांच्या अंगावर मात्र एक कणही नसायचा, कारण बाबा कधी आत गेलेच नाहीत. धडाच्या आत सांगाड्याच्या गोल कड्या बसवल्या की शेपटीकडून जेमतेम एक भोक उरायचं, आणि ते टिल्लूकाकांच्या मापाचं होतं.

"एवढं बांधतोस आणि आतून कसं दिसतं ते तुला ठाऊक नाही," ते बाबांना चिडवायचे. "तू बाहेरचा रे, पैलवान. खरं विमान माझं."

"तू सांगतोस ना मला," बाबा म्हणायचे. "मग झालं तर."

पहिलं विमान उडालं त्या सकाळी आम्ही सगळे तारेच्या कुंपणाशी उभे होतो. कामगारांची कुटुंबं, शाळेला दांडी मारलेली मुलं, कुणाची तरी चाकाच्या खुर्चीतली आई. पांढरं, अरुंद, लांब नाकाचं ते विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वळलं आणि बराच वेळ नुसतं थांबून राहिलं. मग आवाज चढत गेला. ते आमच्यासमोरून गेलं तेव्हा त्याची चाकं जमिनीला लागून होती, आणि पुढच्या क्षणी चाकांखाली उजेड दिसला. सगळ्यांनी माना वर केल्या. बाबांनी केली नाही. ते टिल्लूकाकांकडे बघत होते. टिल्लूकाकांचं तोंड आभाळाकडे होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते न पुसता त्यांनी कुंपणाच्या लोखंडी खांबावर किल्लीने दोनदा टकटक केलं. तेव्हा कुठे बाबांनी वर पाहिलं.

त्यानंतर टिल्लूकाकांना बढती मिळाली. ते धडाच्या विभागाचे प्रमुख झाले. त्यांना काचेची केबिन मिळाली, वरच्या मजल्यावरच्या बैठकांना बोलावणं येऊ लागलं, आणि खिशाला पेन आलं. बाबांना दुसरा जोडीदार दिला. बाबांनी त्याच्याबरोबर एक आठवडा काम केलं आणि काही तक्रार न करता रोज थोडे जास्त गप्प होत गेले. शेवटी टिल्लूकाका स्वतःच पेन केबिनमध्ये ठेवून परत आत शिरले. बैठका झाल्या की ते यायचे, पायातले बूट काढायचे आणि शेपटीच्या भोकातून आत. बाबांना त्याचा केवढा अभिमान. साहेब झाला तरी आपल्याबरोबर ठोकळा धरतो, असं ते येईल त्याला सांगायचे.

एक विमान उडालं म्हणजे विकता येतं असं नसतं. परवानगीसाठी चाचण्या लागतात, चाचण्यांसाठी दुसरं विमान लागतं. त्या दुसऱ्याचं धड आमच्या शेडमध्ये लाकडी घोड्यांवर अर्धवट उभं होतं. त्याच सुमारास पैशाचा बाजार पडला. ज्यांनी विमानं मागवली होती ते एकेक करून मागे फिरले. इंजिनं देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. शेडमधले रंगारी आधी गेले, मग वायरवाले. कँटीनमधलं जेवण बंद होऊन नुसता चहा उरला. पण धडाचा विभाग चालू होता. मोठे साहेब रोज एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, नवे भागीदार येताहेत, तुमचं काम थांबता कामा नये.

याच दिवसांत बसच्या कारखान्यातल्या मेस्त्रींचा निरोप आला. बाबांची जुनी जागा रिकामी होत होती. महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो, त्यापुढे माझ्या हातात नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

आईने निरोप ऐकताच सांगितलं की जा. ती भांडली नाही, रडली नाही. माझं कॉलेज, तिची गुडघेदुखी, घराचं भाडं, यातलं काहीही तिने काढलं नाही. फक्त म्हणाली, "अहो, ती बस आहे. उद्याही रस्त्यावर असेल."

"टिल्लूला विचारतो," बाबा म्हणाले. "त्याचं वर जाणंयेणं आहे. त्याला ठाऊक असेल."

"त्यांना विचारा की. पण तोंडासमोर विचारा."

हे आई का म्हणाली ते मला अजून कळलेलं नाही. तिलाही तेव्हा कळलं होतं की नाही, कोण जाणे.

बाबांनी विचारलं, पण तोंडासमोर नाही. दुपारचं काम चालू होतं. टिल्लूकाका आत, बाबा बाहेर, मध्ये पत्रा. एक ओळ संपली, गन थांबली, आणि बाबांनी पत्र्याला तोंड लावून मोठ्याने सांगितलं की मेस्त्रींनी बोलावलंय, महिनाअखेरपर्यंत जागा आहे. मग बाबांनी विचारलं, "थांबू मी?"

ठोकळा कुठेतरी टेकवल्याचा, परत उचलल्याचा आवाज आला. मग दोनदा टकटक.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अरे बाहेर ये, नीट बोल, काय ते स्पष्ट सांग. बाबांना त्याची गरज वाटली नाही. इतकी वर्षं त्या दोन ठोक्यांवर त्यांनी बस उभी केली होती, विमान उडवलं होतं. त्यांनी पुढचा रिव्हेट घेतला. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं की विचारलं, थांब म्हणाला. आईने पुन्हा काही विचारलं नाही. महिना संपला. मेस्त्रींनी जागा दुसऱ्याला दिली.

त्यानंतरचे आठवडे बाबांच्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते. हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण ते तसेच होते. ते घरी यायचे तेच हसत. आज दिवसभरात एकदाही तीन नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, एकही रिव्हेट काढावा लागला नाही. हात आता बसलाय, असं ते म्हणायचे. इतक्या वर्षांनी आत्ता कुठे हात बसलाय. रात्रीच्या जेवणाला कशावरही दोनदा टकटक व्हायची, करपलेल्यावरसुद्धा.

आई एकदा म्हणाली, "माझं सुद्धा रोज सगळं बरोबर येत नाही. तुमचं कसं येतं हो?"

"तुझ्याकडे जोडीदार नाही ना," बाबा म्हणाले.

खरं तर त्यांना काही गोष्टी जाणवत होत्या. भिंगवाले आठवडेच्या आठवडे शेडमध्ये फिरकले नव्हते. ते दुसऱ्या कामात आहेत असं टिल्लूकाकांनी सांगितलं होतं. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे. चांगले कपडे, नवे बूट, कानांवर हात. पाहुणे आले की टिल्लूकाका घाईने आत शिरायचे, आणि गेले की बाहेर येऊन भिंतीला टेकून बसायचे. आणि एकदा तर गनखाली रिव्हेट वेगळाच वाजला. पलीकडे ठोकळा सरकल्यासारखा, पोकळ. बाबांनी हात थांबवला आणि तीनच्या टकटकीची वाट पाहिली. दोन आल्या. बाबांनी गन खाली करून आपला कान बोटाने साफ केला. वय झालं, त्यांना वाटलं. आता ऐकण्यात फरक पडायला लागला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी आईला खरंच सांगितलं होतं की एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यायला हवं.

एका सकाळी फाटकाला साखळी होती. मोठे साहेब शहरात नव्हते. पहारेकऱ्याने सांगितलं की कंपनी बंद झाली, आपापल्या हत्यारांच्या पेट्या न्यायला पाच-पाच जण आत सोडणार. टिल्लूकाका फाटकापाशी दिसले नाहीत. बाबांचा नंबर दुपारी लागला. आत पेट्या ताब्यात द्यायला भिंगवाले बसले होते. शेडमध्ये इतकी शांतता बाबांनी कधी ऐकली नव्हती. धड तसंच घोड्यांवर होतं, दुपारच्या उन्हात त्यांच्या रिव्हेटच्या ओळी चमकत होत्या.

बाबांनी विचारलं, एकदा आत बघू का.

धडाचा मागचा भाग अजून बंद केलेला नव्हता आणि मधल्या दोन कड्या कुणीतरी सोडवून नेल्या होत्या. तरी बाबांना शर्ट काढावा लागला. भिंगवाल्यांनी आपली बॅटरी दिली. बाबा कोपरांवर सरपटत आत गेले, आणि जे आपण इतकी वर्षं बाहेरून बांधलं ते त्यांनी पहिल्यांदा आतून पाहिलं.

पुढचा भाग सुंदर होता. हे बाबांनी सांगताना सगळ्यात आधी सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं. हिरवट रंगावर शेपट्यांच्या ओळी, सगळ्या सारख्या, गोल, शर्टाच्या बटणांसारख्या. ते त्यांच्यावरून अंगठा फिरवत मागे मागे येत गेले. मग एका कडीपाशी अंगठा अडला. तिथला रिव्हेट एका बाजूला कलला होता. पुढचा चपटा होऊन पसरला होता. त्याच्यापुढचा तडकला होता. मग सगळेच. काही नुसते वाकलेले, जणू ठोकळा त्यांच्यावर टेकवलाच नव्हता. ओळीच्या ओळी. बाहेरून एकेक डोकं आरशासारखं आणि आतून हे. आपल्या हात बसलेल्या दिवसांवर बाबा पालथे पडून अंगठा फिरवत होते.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर हिरवी पूड होती. भिंगवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मला या भागाकडे यायचं नाही असं सांगितलं होतं," ते म्हणाले. "वर बैठक झाली होती. हे पुरं करायचं नाही असं केव्हाच ठरलं होतं. तुमच्या प्रमुखाला माहीत होतं. मला वाटलं, त्याने तुम्हाला सांगितलं असेल."

बाबा पेटी घेऊन घरी आले नाहीत. तडक टिल्लूकाकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि भावजी या म्हणण्याऐवजी नुसत्या बाजूला झाल्या. टिल्लूकाका पलंगावर बसले होते. पुढचं मला बाबांनी कितीतरी दिवसांनी सांगितलं, आणि त्यांना ते शब्दन् शब्द पाठ होतं.

टिल्लूकाका म्हणाले, "उडणारच नव्हतं ते. बिघडलेले काढायला लावून तुझे हात कशाला दुखवायचे?"

बाबांनी पेटी खाली ठेवली. टिल्लूकाका बोलत राहिले.

"साहेबांना पाहुण्यांसमोर गनचा आवाज हवा होता. नुसता आवाज. जागा विकायची होती त्यांना, चालू कारखाना म्हणून. आवाज चालू ठेव, पुढच्या कंपनीत तुला घेतो, असं म्हणाले मला. तू गेला असतास तर मी आवाज कुणाबरोबर काढला असता? तुझ्याशिवाय मला जोडी कुठे आहे?"

"घेतलं का तुला?"

"फोन उचलत नाहीत."

मग बाबांना जे बोलायचं होतं ते बोलले. "तू मला सांगितलं असतंस ना, टिल्लू, की माझी नोकरी आहे, आवाज काढून दे, तर मी दिला असता. भंगाराच्या पत्र्यावर गन वाजवत बसलो असतो तुझ्यासाठी. घरी बायकोशी भांडून थांबलो असतो. पण मी तुला विचारलं आणि तू आतून दोनदा वाजवलंस."

टिल्लूकाका म्हणाले की मी घाबरलो होतो. बाबा म्हणाले, मग तीनदा वाजवायचं.

घरी येऊन बाबांनी हातपाय धुतले, पण भुवया पुसायच्या राहिल्या. आईने त्या पाहिल्या आणि तिला सगळं समजलं असावं, कारण तिने टॉवेलचं टोक ओलं करून स्वतःच त्या पुसल्या आणि टिल्लूभावजींचं नावही काढलं नाही. त्या रात्री जेवताना बाबांनी पहिला घास घेतला. त्यांचं बोट सवयीने ताटाशेजारी गेलं आणि तिथेच थांबलं. "चांगलं झालंय," ते तोंडाने म्हणाले. आई रडली ती तेव्हा.

बसच्या कारखान्यात जागा नव्हती. मेस्त्रींनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि खाली बघत राहिले. काही महिने बाबा मिळेल ते करत होते. मग दुकानांच्या पाट्या आणि पत्र्याची कपाटं करणाऱ्या एका गाळ्यात त्यांना काम लागलं. तिथे वेगळे रिव्हेट वापरतात. पकडीसारखं एक हत्यार असतं; रिव्हेट भोकात घालायचा, पकड दाबायची, आतली तार ओढली जाते, शेपटी आपोआप फुगते आणि तार टक् करून तुटते. एकच माणूस, एकाच बाजूने. विमानाला ते चालत नाहीत, कपाटाला चालतात.

त्या अर्धवट धडाचं पुढे काय झालं ते इथे एवढ्यासाठी सांगते की लोक आम्हाला अजून विचारतात. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याने ते विकत घेऊन बागेत मांडलं. त्याला पंख कधी लागलेच नव्हते, म्हणून त्याने लाकडाचे लावले. मुलं त्यावर चढतात. बाबा त्या रस्त्याने जात नाहीत.

मागच्या वर्षी टिल्लूकाका गाळ्यावर आले. मी बाबांचा डबा द्यायला गेले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. ते आणखी बारीक झाले होते आणि केस पांढरे. मला "किती मोठी झालीस गं" म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता बाबांकडे वळले. कुठेतरी रुग्णवाहिकांच्या बॉड्या बांधायचं काम निघालं होतं. पक्क्या रिव्हेटचं, जुन्या पद्धतीचं. जोडी हवी होती. त्यांनी तिथे शब्द टाकला होता.

"तू बाहेर, मी आत," ते म्हणाले. "पहिल्यासारखं. ये रे, पैलवान. ह्या डबड्यांत काय ठेवलंय?"

बाबांच्या समोर एका कपाटाची मागची बाजू आडवी ठेवलेली होती. त्यांनी भोकात रिव्हेट घातला, पकड लावली आणि दाबली. तार टक् करून तुटून टिल्लूकाकांच्या पायाशी पडली.

"ह्याला आत माणूस लागत नाही," बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर टिल्लूकाकांना बरं वाटलं असतं, असं मला त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं. मी स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. जाताना गाळ्याच्या शटरपाशी ते थांबले आणि बोटाच्या पेराने त्यांनी पत्र्यावर एकदाच वाजवलं. अजून एकदा मार, याची ती खूण. मला ती कळली, म्हणजे बाबांना कळलीच असणार.

बाबांनी मान वर केली नाही. ते पुढचा रिव्हेट घेत राहिले, त्याच्या पुढचा, ओळ संपेपर्यंत. मी वळून पाहिलं तेव्हा शटरपाशी कुणी नव्हतं. मग बाबांनी कपाटाची ती जड चौकट दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरून एकेका शेपटीवरून अंगठा फिरवला. गाळ्याचे मालक त्यांना नेहमी सांगतात की कपाटाची मागची बाजू भिंतीला लागते, ती कुणी बघत नाही.

मी डबा ठेवून निघाले तेव्हा ते तिसऱ्या ओळीवर होते.